डबलरोटीवरचा गणपती

आमच्या मामाजींचे सगळे दात डॉक्टरांनी काढले आणि भोगावं लागलं मला.

मामाजी म्हणजे माझे सासरे. डोणगावचे शेतकरी. बारमाही पाण्याची विहीर, दारात बैलजोडी आणि तोंडात (त्या हिवाळ्यापर्यंत) असे दात, की ऊस सोलायला त्यांना विळा लागत नसे. ते दात दुखायला लागले तेही एकेक करून नव्हे, सगळ्यांनी बैठक घेऊन ठरवल्यासारखे. आमचे हे त्यांना अकोल्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी तोंडात डोकावून पाहिलं आणि यातला एकही ठेवण्यासारखा नाही असं सांगून टाकलं. मामाजी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा अर्धा उरला होता. कवळी मिळणार होती ती हिरड्या चांगल्या वाळल्यावर, म्हणजे होळीच्या सुमाराला.

तोवर खायचं काय? आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ज्वारीच्या कण्या शिजवल्या, आंबील केली, दुधात भाकर कुस्करून दिली. मामाजींनी थोडे दिवस ते गिळलं, मग ताट दूर सारायला लागले.

"मी काय पाळण्यातलं लेकरू हाव का, कण्या चाटाले?"

भरल्या घरात एक माणूस जेवत नाही म्हटलं की बाकीच्यांच्याही घशाखाली घास उतरत नाही. मामाजींची बंडी खांद्यावरून लोंबायला लागली. आत्याबाई चुलीपुढे बसून डोळे पुसत आणि नाव धुराचं सांगत. यांनी पेढे आणून पाहिले, केळी आणून पाहिली. मामाजी दुपारभर ओसरीवरच्या बाजेवर पडून आढ्याकडे बघत राहायचे.

अशाच एका दुपारी, ऊन ओसरीच्या पायरीवर येऊन पेंगत असताना, ते एकदम बोलायला लागले. "अकोल्याले त्या दवाखान्यात मले डबलरोटी देल्ली होती. दुधात टाकली का फुगे. तोंडात घातली का इरून जाये. गिळा बी लागे नाही." त्यांनी डोळे मिटले. "असं वाटे का ढग खाऊन राह्यलो."

ज्या माणसाने आयुष्यभर ढग फक्त पेरणीसाठी पाहिले, त्याच्या तोंडून हे मी दाराआड उभी राहून ऐकलं. डोणगावात तेव्हा पाव मिळत नव्हता. यांनी एकदा मेहकरहून आणला, पण एस.टी.त तो कुणाच्या तरी पोत्याखाली दबला आणि घरी पोचला तेव्हा त्याचा पापड झाला होता. मामाजींनी तो हातात धरून उलटसुलट पाहिला आणि बैलांना द्यायला सांगितला.

"सूनबाई," त्यांनी दाराकडे न बघता विचारलं, "तुमच्या अकोल्याले बाया घरी करतात का डबलरोटी?"

आता मी अकोल्याची. लग्नाआधी बायकांच्या एका वर्गात मी पाव, बिस्किटं, केक वगैरे शिकायला जात होते. जात होते एवढं खरं. मला लहानपणापासून उघड्या डोळ्यांनी झोपायची सवय आहे. बाई पुढे साखर किती आणि लोणी किती ते सांगायच्या आणि मी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत कुठच्या कुठे निघून जायची. त्या सगळ्या वर्गातून माझ्याजवळ दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक म्हणजे पाव भाजतानाचा वास. दुसरी बाईंची एक युक्ती: भट्टी पुरेशी तापली की नाही ते कळायला कागदावर चिमूटभर पीठ ठेवून आत सरकवायचं, ते बदामी झालं की भट्टी तयार.

एवढ्या भांडवलावर मी दाराआडून म्हणाले, "करतात न मामाजी. मलेबी येते."

सुनेनं एकदा 'येते' म्हटलं की सासरी ते दगडावरची रेघ. पुढच्याच आठवड्यात हे अकोल्याला गेले आणि विजेची भट्टी घेऊन आले. ॲल्युमिनियमची, गोल, मोठ्या पातेल्याएवढी. खाली विजेची तार, वर झाकण, झाकणाच्या मधोमध काचेचा डोळा. ती मांडीवर घेऊन हे एस.टी.त बसले होते. कंडक्टरने आत काय म्हणून विचारलं, यांनी भट्टी म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने पुठ्ठ्याला नाक लावून हुंगून पाहिलं म्हणे. (दारूबंदीचे दिवस होते.) भट्टीबरोबर माझ्या दादाने पीठ फुगवायची पूडही पाठवली होती. ती कोमट पाण्यात कालवायची, हे त्यानेच सांगून पाठवलं म्हणून बरं.

अडचण एकच होती. आमच्या घरात दिवे सगळीकडे आले होते, पण प्लग एकच, आणि तो ओसरीवर, रेडिओसाठी. म्हणजे पिठाचा डबा स्वयंपाकघरात, मी स्वयंपाकघरात आणि भट्टी ओसरीवर, मामाजींच्या उशाशी, चारचौघांत. आमच्याकडे त्या काळी सुनेनं ओसरीवर परक्या मोठ्या माणसांपुढे थांबायचं नाही. घरचेच कुणी असले तर डोक्यावर पदर घेऊन बसता यायचं. पण बाहेर कुणी खाकरलं (मोठी माणसं पायरीवर खाकरूनच वर येतात, ती घराला दिलेली वर्दी असते) की उठायचं आणि माजघर ओलांडून आत.

पहिल्या दिवशी मी कणीक मळली. थंडीने ती फुगेना, म्हणून आत्याबाईंनी ती पातेल्यासकट मामाजींच्या गोधडीत गुंडाळली. मामाजींनी आपली गोधडी कुणाला दिल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. ते स्वतः घोंगडी पांघरून बसले आणि गोधडीवर मायेनं हात ठेवून राहिले. दुपारपर्यंत कणीक टम्म. मग मी पिठाची चिमूट ठेवून भट्टी लावली, काचेच्या डोळ्यापुढे बसले. आतली तार हळूहळू तांबूस झाली. बाजेवर मामाजी, खाली मी, दोघंही त्या तांबड्या रेघेकडे टक लावून. मला आतमध्ये अकोल्यातला कडुनिंब दिसायला लागला. मामाजींना काय दिसत होतं कोण जाणे, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

तेवढ्यात पायरीवर खाकरणं ऐकू आलं. मी उठून आत गेले. पाहुणे गेल्यावर बाहेर आले, चिमूट पाहिली. पांढरी. पुन्हा बसले, पुन्हा कुणी खाकरलं, पुन्हा आत. दात काढलेल्या माणसाला भेटायला गाव येणारच, आणि आता तर घरात भट्टीही होती. संध्याकाळपर्यंत ते पीठ भट्टीत राहिलं आणि असं पांढरं राहिलं, की त्याचीच भाकर थापता आली असती. अखेर मी तशीच कणीक आत ठेवली. बाहेर निघालं ते ओलं, चिकट, फिकट काहीतरी. मामाजींनी बोट लावून पाहिलं. बोट त्यातून सोडवायला गरम पाणी लागलं.

"होईन, होईन," ते म्हणाले. "पह्यलं पीक कधी भरभरून येते का?"

आणि उपाशीच झोपले.

दुसऱ्या दिवशी यांनी वायरमनला बोलावलं. तो आला, टेस्टर कानावर अडकवलेला, चालण्यात रुबाब. त्याने भट्टीला टिचकी मारली आणि तिचा आवाज ऐकला. मग प्लग काढला, प्लग लावला, चहा प्याला.

"भट्टीत काई दोष नाही. फ्यूजची तार बारीक हाये."

त्याने हाताला येईल ती जाड तार फ्यूजात वळली. "आता लगनाचा सैपाक करा इच्यावर." मी पुन्हा कणीक मळली, मामाजींनी पुन्हा गोधडी दिली, पुन्हा पाहुणे आले, मी पुन्हा आत गेले आणि डबलरोटी पुन्हा ओली. वायरमनला परत बोलावलं, तर त्याने मळ्यांकडे हात केला. "दोष मोटारीचा हाये. दिवसभर साऱ्या विहिरीवर मोटारी चालून राह्यल्या. तुमच्या घरी पावर येईनच कुठून?"

हे होतं मात्र खरं. गावात नव्या नव्या विजेच्या मोटारी बसल्या होत्या, आणि त्या सुरू असल्या की आमच्या घरातला दिवा पिकल्या लिंबासारखा व्हायचा. हे मळ्यामळ्यांत फिरून तासाभरासाठी मोटारी बंद ठेवायची विनंती करून आले. उत्तर सगळीकडे एकच मिळालं: "गहू ओंबीवर आला अन् तुह्या रोटीसाठी पाणी बंद करू काय बे?"

मग आत्याबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांच्या मते इतक्या डोळ्यांनी पाहिल्यावर भट्टीला दृष्ट लागली होती. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. सगळं घर ठसकलं. भट्टीवर काही परिणाम झाला नाही, पण मामाजींना इतका खोकला आला की त्या दिवशी आंबीलही गेली नाही. आता मात्र मला रडायला येत होतं. माणूस माझ्या डोळ्यांपुढे वाळत होता, आणि मी 'येते' म्हणून बसले होते.

कारण सापडलं ते माझ्या हुशारीने नव्हे. एका दुपारी शेजारचे तुळशीराम आबा आले. आबा म्हणजे मामाजींचे बालमित्र आणि गावच्या भजनी मंडळाचे मुख्य. ते खाकरले, मी आत गेले. बराच वेळ झाला तरी ते जाईनात, म्हणून मी माजघराच्या दाराच्या फटीतून डोकावले. पाहते तर मामाजींनी उपरण्याच्या टोकाने भट्टीचं झाकण उचलून धरलेलं, आणि दोघं म्हातारे आत तोंड घालून, डोळे मिटून, लांब लांब श्वास घेताहेत.

"काय वास हाये गा," तुळशीराम आबा म्हणाले.

"मंग? माह्या सूनबाईनं लावली." मामाजींचा आवाज अभिमानाने भिजला होता. "पाह्य, फुगून राह्यली का नाही."

"ठेव आता झाकण."

"थांब न. अजून एक डाव घेऊ दे."

ते गेले, तसे दुसरे आले. झाकण वर. तिसरे आले. झाकण वर. मधल्या वेळात कुणी नसताना मामाजी एकटेच उठायचे, झाकण उचलायचे, वास घ्यायचे आणि परत ठेवायचे. मी खाकरणं ऐकून आत पळत होते आणि मला वाटत होतं भट्टी एकटी तापते आहे. भट्टी बिचारी तापत होती आणि मामाजी सगळ्या गावाला ऊब वाटत होते.

आता हे सांगायचं कोणी? सुनेनं सासऱ्याला 'झाकण उघडू नका' म्हणायचं, हे आमच्याकडे शक्य नव्हतं. मी यांना म्हटलं, "तुम्ही सांगा."

"मी? बाबाले?" यांनी ओसरीकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "उपाशी माणूस हाये गं. नुसता वास घेऊन राह्यला त घेऊ दे न."

मग मी ते आत्याबाईंच्या कानावर घातलं. शेवटी आत्याबाईंनी विषय काढला. "अवो, आयकलं का? तुमी भट्टीचं झाकण उघडता का हो?"

"मी कायले उघडू?" मामाजी म्हणाले, आणि मग स्वतःच पुढे, "पाव्हण्याले दाखवा नाही लागत काय? नाही दाखवलं त लोक म्हनतीन, हे घर झाकून खाते."

झालं. 'झाकून खाणारं घर' हा आमच्याकडे असा डाग आहे, की त्यापुढे दिवाळखोरी बरी. आत्याबाई स्वयंपाकघरात परत आल्या. भाजी निवडत निवडत त्या विचार करत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "उद्या तिळी चौथ हाये," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला मी कणीक भट्टीत ठेवली, झाकण लावलं. आत्याबाईंनी तांब्याच्या ताम्हनात तांदळाची रास घातली, तिच्यावर सुपारीचा गणपती मांडला, हळदकुंकू वाहिलं, दूर्वा वाहिल्या, आणि ते ताम्हन नेमकं भट्टीच्या झाकणावर ठेवलं. एकदा मांडलेला देव पूजा उतरेपर्यंत हलवत नाहीत. आता झाकणाला हात लावायची कुणाची छाती होती? मामाजींनी सवयीने उपरण्याचं टोक पुढे केलं, गणपतीकडे पाहिलं, आणि त्याच हाताने नमस्कार केला.

आम्हा दोघींना आमच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं, की आम्ही स्वयंपाकघरात बसून हसलो. सासू आणि सून एकाच गोष्टीवर हसतात असे प्रसंग मोजकेच. त्या हसण्यात एक साधी गोष्ट दोघींच्याही ध्यानात आली नाही. चौथीची पूजा उतरते ती चंद्र उगवल्यावर. डबलरोटी काही चंद्रासाठी थांबत नाही.

थोड्याच वेळात तुळशीराम आबा खाकरले. वर आले, झाकणाकडे वळले आणि थबकले.

"पूजा हाये का आज?"

"हाये," मामाजी म्हणाले.

"मंग सुकी पूजा कायले? थांब, मंडळीले बोलावतो."

आबा स्वतः मळ्यामळ्यांत जाऊन हाका मारून आले. माणसं मोटारी बंद करून, हातपाय धुऊन, टाळ घेऊन एकेक करून ओसरीवर जमायला लागली. मी माजघरात उभी होते, आणि माझ्या डोक्यावरचा दिवा बदलायला लागला. पायरीवर एक माणूस खाकरायचा आणि दिवा थोडा उजळायचा. आणखी एक खाकरायचा, आणखी उजळायचा. पिकलं लिंबू पांढरं झालं, मग लखलखायला लागलं. आपल्या माजघराची भिंत निळी आहे हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

ओसरीवर टाळ सुरू झाले. आणि मग तो वास आला. वर्गातून माझ्याजवळ उरलेला तोच वास, खरपूस, गोडसर, ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून चुलीपर्यंत. आत्याबाई तिळाचे लाडू वळता वळता थांबल्या. मी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. मामाजी दुधात डबलरोटी बुडवताहेत, ती फुगते आहे, ते घास घेताहेत, त्यांची बंडी पुन्हा खांद्यावर बसते आहे, असं सगळं मला दिसायला लागलं. बंडीची बटणंही लागायला लागली होती.

मी कुठवर गेले होते ठाऊक नाही. जागी झाले ती आत्याबाईंच्या कोपराने.

"सूनबाई, काई जळून राह्यलं का वं?"

मी फटीला डोळा लावला. ओसरीवर भजन रंगात आलं होतं. ताम्हनातल्या दूर्वा वाळून पिवळ्या, तांदूळ चांगलेच बदामी. (बाईंची युक्ती सिद्ध झाली होती. भट्टी पुरेशी तापली होती.) झाकणाच्या कडेने निळसर धूर निघत होता. तुळशीराम आबांनी त्या धुरावरून दोन्ही हात फिरवून डोळ्यांना लावले. त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी. मामाजी डोळे मिटून डोलत होते.

भट्टीचं बटण यांच्या गुडघ्याशी होतं. हे टाळ वाजवत होते. मी माजघराच्या दाराची कडी वाजवली. आमच्याकडे बायकांनी कडी वाजवली की तिचा अर्थ 'चहा तयार आहे' असा असतो. यांनी डोळे न उघडता हाताने 'थोडं थांब' अशी खूण केली. मी आणखी जोरात वाजवली. यांना तो ताल वाटला आणि हे टाळ त्या लयीत वाजवायला लागले. सगळं मंडळ त्या लयीत आलं. मी घाबरून जितकी जलद कडी वाजवत होते, तितकं भजन चढत होतं. नंतर कितीतरी वर्षं लोक सांगायचे, की त्या चौथीला आमच्या ओसरीवर जे भजन रंगलं तसं गावात पुन्हा झालं नाही.

"आत्याबाई, तुम्ही तरी जा न."

"मी कशी जाऊ? देव मांडेल हाये, भजन चालू हाये. चंद्र तं निघू दे."

ताम्हनातले तांदूळ तडतडायला लागले. "देव पावला," कुणीतरी म्हणालं. त्याच क्षणी बाहेर गल्लीतल्या खांबावर मोठा आवाज झाला आणि सगळं अंधारलं. आमच्या घरची फ्यूज जागच्या जागी होती, वायरमनने ती भक्कम केली होती. गेली ती सगळ्या गल्लीची वीज.

भजन थांबलं नाही. नुसती समईची ज्योत उरली, तिच्यात सावल्या डोलत राहिल्या, टाळ आपसूक मंद झाले. अंधारात करपलेल्या धुराखाली अजूनही कुठेतरी तो गोड वास होता. भट्टी गार होताना टक्, टक् वाजत होती. मी दारात उकिडवी बसून रडत होते. इतकं सुंदर काही आपण बिघडवलं आहे, हे कळायलाही ते इतकं सुंदर असावं लागतं, असं काहीसं मला वाटत होतं.

चंद्र वर आला. आरती झाली. आत्याबाईंनी गणपतीला चिमट्याने उतरवलं आणि झाकण काढलं. सगळे वाकले. आत कोळशासारखा काळा, गोल घुमट होता.

 मामाजींनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग दाराकडे तोंड करून विचारलं, "सूनबाई, झाली का?"

 आत्याबाई आत येऊन वरवंटा घेऊन गेल्या आणि त्यांनी तो त्या घुमटावर घातला. कवच फुटलं. आतून वाफेचा एक लोट वर आला, आणि समईच्या उजेडात दिसलं पांढरं, मऊ, पिंजलेल्या कापसासारखं. अंधार झाला तेव्हापासून ते त्या काळ्या कवचाखाली आपल्याच वाफेत निवांत पडून होतं.

आत्याबाईंनी दूध आणलं. मामाजींनी तुकडा बुडवला, तोंडात ठेवला आणि हलायचे थांबले. आम्ही सगळेच थांबलो. मग त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. त्यांनी दुसरा तुकडा घेतला. तिसरा घेतला. आतला सगळा पांढरा भाग संपला, वाटी पुसून झाली, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "जमली, सूनबाई. पन अशीच करत जा. वरून गोटा पायजेन, तवाच आत ढग होते."

उरलं काळं कवच. मी ते बैलांसाठी बाजूला काढायला लावणार, तेवढ्यात तुळशीराम आबांनी हात पुढे केला. "देवाखालचा परसाद हाये. टाकून नाही द्या लागत."

आणि सगळ्या मंडळाने तो प्रसाद घेतला. ओसरीवर बराच वेळ फक्त दातांचा आवाज येत होता. नावं कुणीच ठेवली नाहीत. प्रसादाला नावं ठेवत नाहीत. आबांनी आपला तुकडा शेवटपर्यंत चघळला आणि जाताना भट्टीला लांबून नमस्कार केला.

होळीपर्यंत मामाजींची बंडी पुन्हा अंगाला बसली. मग कवळी आली, ते भाकरीकडे परतले, आणि डबलरोटी सणावारापुरती उरली. मी मात्र पुढे धीर येऊन भट्टीत बरंच काही करायला लागले. आजही डोणगावात माझ्या हातचं भाजलेलं काही पुढे ठेवलं, की माणसं आधी हात जोडतात आणि मग तोंडात घालतात. ते श्रद्धेनं जोडतात की धास्तीनं, हे मी एकदा यांना स्पष्ट विचारलं. "श्रद्धाच हाये," हे म्हणाले, आणि डोळे गच्च मिटून त्यांनी पहिला घास घेतला.